अमोनियाचा अर्धा गुण

२८ फेब्रुवारी जवळ आला की देशभरातल्या शाळांच्या भिंतींवर एकच चेहरा झळकू लागतो. १९२८ साली कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणासंबंधीचा जो शोध लावला, त्याची आठवण म्हणून १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. फेटा बांधलेले रामन मध्यभागी, एका बाजूला सत्येंद्रनाथ बोस, दुसऱ्या बाजूला मेघनाद साहा, अशी तक्त्यांची मांडणी ठरून गेलेली आहे. पश्चिम बंगालमधल्या खरगपूर या रेल्वेच्या गावी एका शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईंकडे त्या दिवशीचे भाषण आले, तेव्हा त्यांच्याकडूनही हेच अपेक्षित होते. बाईंनी होकार दिला आणि विषय कळवला तो मात्र वेगळाच. पाच वर्षांत मागे पडलेल्या एका सिद्धांताविषयी आणि त्याच्या कर्त्याविषयी त्या बोलणार होत्या. त्या कर्त्याचे छायाचित्र तक्त्यांत नव्हते. ते शोधून, मोठे करून आणावे लागले.

हा विषय त्यांना सुचला तो अकरावीच्या वर्गात, आम्ल आणि आम्लारींचा पाठ चालू असताना.

बाई मूळच्या नाशिककडच्या. केंद्राच्या शाळांतली नोकरी म्हणजे बदल्या आल्याच. विदर्भ, राजस्थान असे मुक्काम करीत त्या खरगपूरला येऊन पोहोचल्या होत्या. भाषा बदलत, मुलांची नावे बदलत, पण या पाठाची सुरुवात त्या सर्वत्र एकाच प्रयोगाने करीत. पांढऱ्या कागदाच्या पट्ट्यांवर हळदीचे पाणी वाळवून ठेवायचे. एका पट्टीवर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकला की पिवळा रंग झर्रकन लालसर तपकिरी होतो. वर लिंबाचा रस पिळला की पुन्हा पिवळा. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे शाळेची पायरी न चढलेल्या बायकांनाही ठाऊक होते, कुंकू करण्याची जुनी रीत याच रंगबदलावर उभी आहे, एवढे त्या सांगत, आणि मग व्याख्येकडे वळत. दहावीच्या पुस्तकातली व्याख्या सोपी आहे. पाण्यात विरघळल्यावर जे हायड्रोजन आयन देते ते आम्ल, जे हायड्रॉक्साइड आयन देते तो आम्लारी. दोन्ही एकत्र आले की पाणी आणि क्षार तयार होतात.

अकरावीत हीच व्याख्या पुन्हा येते आणि तिच्यानंतर लगेच दुसरी येते, मग तिसरी. त्या दिवशी बाईंनी तिसरी व्याख्या फळ्यावर लिहिली, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, मग गेल्या वर्षी आम्ही पाठ केलं ते खोटं होतं का?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांना विदर्भातली दुपार आठवली.

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. दहावीच्या सराव परीक्षेत एक प्रश्न होता : अमोनियाचे द्रावण तांबड्या लिटमसला निळे का करते? अपेक्षित उत्तर असे की अमोनिया पाण्यात विरघळून अमोनियम हायड्रॉक्साइड होतो, तो हायड्रॉक्साइड आयन देतो, म्हणून. एका मुलाने उत्तर लिहिले आणि खाली एक ओळ जोडली. अमोनियाच्या रेणूत एक नायट्रोजन आणि तीन हायड्रोजन आहेत, ऑक्सिजन मुळातच नाही, मग व्याख्येप्रमाणे तो आम्लारी होत नाही, असे त्याचे म्हणणे होते. बाईंनी अर्धा गुण कापला. पेपर परत मिळाल्यावर तो टेबलापाशी आला. "मॅडम, यात ओएच आहेच कुठे?" पुढचा तास भरायचा होता, अभ्यासक्रम मागे पडला होता. बाई म्हणाल्या, "पुस्तकात आहे तसं लिहायचं. अमोनियम हायड्रॉक्साइड. लिहून घे." त्याने खाली मान घालून लिहून घेतले. पुढे त्याने वर्गात प्रश्न विचारल्याचे बाईंना आठवत नाही.

मुलाची शंका बरोबर होती, हे बाईंना तेव्हाही माहीत होते. अमोनियम हायड्रॉक्साइड नावाचा पदार्थ बाटलीवरच्या चिठ्ठीवर असतो, पण त्याचा रेणू वेगळा काढून कोणी दाखवलेला नाही. द्रावणात असतो तो अमोनिया, पाणी, आणि थोडे अमोनियम व हायड्रॉक्साइड आयन. व्याख्या वाचवण्यासाठी पुस्तकांनी त्या नावाची सोय केली होती आणि त्या सोयीपायी एका मुलाचा अर्धा गुण गेला होता.

म्हणून खरगपूरच्या वर्गात "खोटं होतं का" हा प्रश्न आला, तेव्हा बाईंनी खडू खाली ठेवला आणि आम्लाच्या व्याख्यांचा प्रवास पहिल्यापासून सांगायला घेतला.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये लव्वाझिए यांना वाटले की आम्लपणा एकाच मूलद्रव्यामुळे येतो. गंधक, फॉस्फरस, कार्बन जाळले आणि निघालेला पदार्थ पाण्यात विरघळवला की आम्ल मिळते, हे त्यांनी पाहिले होते. जळताना जे मूलद्रव्य जोडले जाते त्यालाच त्यांनी ऑक्सिजन हे नाव दिले. त्याचा अर्थच आम्ल उत्पन्न करणारा. पुढे १८१० साली इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी दाखवून दिले की मिठापासून मिळणाऱ्या तीव्र आम्लात ऑक्सिजनचा मागमूस नाही. त्यात फक्त हायड्रोजन आणि क्लोरीन आहेत. सिद्धांत गेला, नाव राहिले. आपण रोज श्वासावाटे जे घेतो त्याच्या नावात एक मागे पडलेला सिद्धांत आजही दडलेला आहे.

मग आले स्वीडनचे स्वान्ते अर्हेनियस. मीठ, आम्ल किंवा आम्लारी पाण्यात विरघळताच त्यांचे काही रेणू फुटून विद्युतभारित कण, म्हणजे आयन, मोकळे होतात, असे त्यांचे म्हणणे. १८८४ साली उप्सालाच्या विद्यापीठाला सादर केलेल्या त्यांच्या प्रबंधाला परीक्षकांनी अगदी खालची श्रेणी दिली. एकोणीस वर्षांनी, १९०३ मध्ये, त्याच विचारासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दहावीची व्याख्या त्यांचीच. ती पाण्यात चांगली चालते. पाण्याबाहेर तिचा पाय घसरतो आणि अमोनियापाशी ती अडखळते.

१९२३ साली कोपनहेगनचे ब्रॉन्स्टेड आणि केंब्रिजचे लॉरी यांनी, एकमेकांवाचून स्वतंत्रपणे, वेगळा प्रश्न विचारला. पदार्थात काय आहे हे पाहण्याऐवजी तो काय करतो हे पाहिले तर? जो प्रोटॉन देतो तो आम्ल, जो घेतो तो आम्लारी. अमोनिया पाण्याच्या रेणूकडून एक प्रोटॉन घेतो, स्वतः अमोनियम आयन होतो आणि पाण्याचा उरलेला भाग म्हणजेच हायड्रॉक्साइड आयन. विदर्भातल्या मुलाने शोधलेला ओएच अमोनियाच्या रेणूत नव्हताच. तो पाण्यातून आला होता. त्याच वर्षी अमेरिकेत गिल्बर्ट लुईस यांनी वर्तुळ आणखी मोठे केले. इलेक्ट्रॉनांची जोडी देणारा तो आम्लारी, स्वीकारणारे ते आम्ल. मग ज्यात हायड्रोजन नावालाही नाही असा बोरॉन ट्रायफ्लोराइडसुद्धा आम्ल ठरला, आणि अमोनिया त्याला आपली इलेक्ट्रॉनांची जोडी देऊन पुन्हा आम्लारीच राहिला.

"तर गेल्या वर्षीचं खोटं नव्हतं," बाई म्हणाल्या. "त्याची हद्द आम्ही तुम्हाला सांगितली नव्हती."

मुलीचे समाधान झालेले दिसले. बाईंचे झाले नाही. व्याख्या बदलल्या हे सांगणे सोपे होते. ज्यांच्या व्याख्या मागे पडल्या त्या माणसांचे काय झाले, हे त्यांनी सांगितले नव्हते. वर्गात चुकीचे उत्तर आले की मूल ओशाळते, आणि पुन्हा हात वर करीत नाही. शास्त्रज्ञाचे उत्तर साऱ्या जगासमोर चुकले तर तो काय करतो? याचे उत्तर बाईंना आपल्या गावातच मिळणार होते, कारण खरगपूरच्या तंत्रज्ञान संस्थेत ज्यांच्या नावाचे क्रीडांगण आहे ते ज्ञानचंद्र घोष याच अनुभवातून गेले होते. विज्ञान दिनाचा विषय ठरला तो असा.

भाषणाच्या आधी बाईंनी बारावीच्या मुलांना एक गणित दिले होते. अर्हेनियस यांच्या विचाराची कसोटी घेणारे सूत्र विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांनी १८८८ साली मांडले. द्रावणाची विद्युतवाहकता मोजायची, तिच्यावरून रेणूंचा किती हिस्सा फुटला आहे तो काढायचा, आणि सूत्रात घालायचा. द्रावण कितीही विरल केले तरी उत्तर एकच यायला हवे, कारण तो त्या पदार्थाचा स्थिरांक आहे. मुलांनी आधी ॲसेटिक आम्ल घेतले, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल. लिटरला ०.१ मोल असताना १.३ टक्के विचरण, ०.०१ मोल असताना ४.२ टक्के, ०.००१ मोल असताना १२.४ टक्के. आकडे वेगवेगळे, पण सूत्रात घातल्यावर तिन्ही वेळा उत्तर सुमारे ०.००००१८. मुले खूष झाली.

मग हायड्रोक्लोरिक आम्ल. त्याच तीन संहतींना विचरण अनुक्रमे ९२, ९७ आणि ९९ टक्के आले. सूत्रात घातल्यावर पहिल्यांदा उत्तर आले सुमारे १, दुसऱ्यांदा ०.२८, तिसऱ्यांदा ०.०९. ज्याला स्थिरांक म्हणायचे तो द्रावण शंभरपट विरल होईतो अकरा-बारा पटींनी घसरला. मुलांना वाटले आपली आकडेमोड चुकली. त्यांनी पुन्हा केली. उत्तर तेच.

विसाव्या शतकाच्या आरंभी रसायनशास्त्रज्ञांची नेमकी हीच अडचण झाली होती. सौम्य आम्ले अर्हेनियस यांचे ऐकत होती. तीव्र आम्ले, तीव्र आम्लारी आणि बहुतेक सारे क्षार ऐकत नव्हते. याला तीव्र विद्युत अपघटनी पदार्थांची विसंगती असे नाव पडले होते. आणि या कोड्याला हात घालणाऱ्यांत कोलकात्याचा एक विशी ओलांडलेला तरुण होता.

ज्ञानचंद्र घोष यांचा जन्म १८९४ मध्ये पुरुलियाचा, बालपण अभ्रकाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या गिरिडीहचे. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांच्या पिढीत सत्येंद्रनाथ बोस होते, मेघनाद साहा होते. रसायनशास्त्राचे गुरू आचार्य प्रफुल्लचंद्र राय. राय म्हणजे कारखाना उभारणारे, खादी वापरणारे, आणि प्राचीन भारतीय रसायनविद्येचा इतिहास दोन खंडांत लिहिणारे गृहस्थ. त्या इतिहासात त्यांनी सुश्रुतसंहितेतल्या क्षारपाकविधीची आवर्जून दखल घेतली आहे. वनस्पतींच्या राखेपासून मृदू क्षार काढायचा, चुन्याच्या योगाने तो तीक्ष्ण करायचा, लोखंडी भांड्यात ठेवायचा, आणि व्रणावर लावल्यानंतर त्याचा दाह आंबट पदार्थाने शमवायचा. आम्लाने क्षार शांत होतो ही जाण या भूमीत फार जुनी. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या प्रयोगशाळेत तिचा इतिहास लिहिणारा गुरू आणि तिचे गणित मांडू पाहणारा शिष्य एका काळात वावरत होते.

१९१८ साली लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात घोष यांचे निबंध प्रसिद्ध झाले. वय चोविशीच्या आसपास. युरोपात पहिले महायुद्ध चालू होते, आणि कोलकात्यातून पाठवलेले ते लेखन तिथे गांभीर्याने वाचले गेले. त्यांचे म्हणणे धीट होते. मीठ पाण्यात विरघळले की ते पूर्णपणे आयनांत विभागले जाते. न फुटलेले रेणू शिल्लक राहतच नाहीत. मग वाहकता कमी का भरते? कारण धन आणि ऋण आयन एकमेकांना ओढून धरतात. स्फटिकांची रचना क्ष-किरणांनी उलगडू लागली होती, त्यावरून घोष यांनी कल्पना केली की द्रावणातही आयन जाळीसारख्या रचनेत उभे असतात. ज्यांच्या अंगी ही ओढ तोडण्याइतकी गतिज ऊर्जा आहे तेवढेच आयन वीज वाहून नेतात. द्रावण विरल करत गेले की आयनांमधले अंतर वाढते, ओढ सैल पडते, आणि वाहकता वाढते.

पूर्ण विचरणाचा विचार एकट्या घोष यांचा नव्हता. डेन्मार्कच्या नील्स ब्येरुम यांनी तो आधी मांडला होता, आणि आयनांमधल्या ओढीचे गणित इंग्लंडच्या मिल्नर यांनी १९१२ मध्ये करून पाहिले होते. पण मिल्नर यांचे गणित इतके बिकट की थोड्यांनाच ते पचले. घोष यांचे सूत्र हाताळता येत होते. ते मोजमापांशी ताडून पाहता येत होते आणि अनेक ठिकाणी जुळतही होते. त्यावर चर्चा झाली, वादही झाले. १९१९ साली घोष लंडनला गेले, डोनन यांच्या प्रयोगशाळेत राहिले आणि १९२१ मध्ये परतून नव्याने सुरू झालेल्या ढाका विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्रमुख झाले. सत्येंद्रनाथ बोसही त्याच वर्षी ढाक्याला आले.

मग १९२३ उजाडले. ब्रॉन्स्टेड, लॉरी आणि लुईस यांच्या व्याख्यांचे जे वर्ष, त्याच वर्षी झुरिकहून पीटर डिबाय आणि एरिख ह्युकेल यांचा निबंध आला. घोष यांची जाळी त्यांनी सोडून दिली. आयन एका जागी उभे नसतात, ते सतत हलतात, मात्र प्रत्येक आयनाभोवती सरासरीने विरुद्ध भाराचे एक विरळ आवरण असते, असे त्यांनी मांडले. जाळीच्या कल्पनेतून घोष यांना परिणाम मिळत होता तो संहतीच्या घनमुळाशी निगडित. डिबाय आणि ह्युकेल यांचा आला वर्गमुळाशी. जर्मनीच्या कोलराउश यांनी कित्येक वर्षे आधी अत्यंत काळजीपूर्वक केलेल्या मोजमापांत वर्गमूळच दिसले होते. निकाल लागला. डिबाय आणि ह्युकेल यांच्या निबंधात घोष यांच्या सिद्धांताची दखल आहे, आणि तो का टिकत नाही याची चिकित्साही. बारावीच्या पुस्तकात आज वाहकतेचे जे सूत्र आहे त्यात संहतीचे वर्गमूळ आहे.

घोष यांचे काय चुकले आणि काय बरोबर निघाले, हे बाईंनी भाषणात वेगवेगळे सांगितले. तीव्र पदार्थ पूर्ण फुटतात, हे बरोबर. वाहकतेतली घट आयनांच्या परस्पर ओढीमुळे येते, हेही बरोबर. ते आयन स्फटिकासारख्या जाळीत असतात आणि त्यातले थोडेच मोकळे असतात, हे चूक. त्या ओढीचा पुरावा शाळेच्या प्रयोगशाळेतही मिळतो. लिटरला ०.१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले आणि सगळे फुटले असे धरले तर सामू बरोबर १ यायला हवा. काटेकोर मोजला तर तो १.१ च्या जवळ येतो. प्रत्येक हायड्रोजन आयन तिथे आहे, पण गर्दीत अडकल्यामुळे त्याचा प्रभाव सुमारे ८० टक्केच पडतो. दशांशाच्या त्या एका घराच्या फरकासाठी कोलकाता, लंडन, कोपनहेगन आणि झुरिक इथली माणसे आपली तरुण वर्षे खर्ची घालत होती.

"मग घोष नापास झाले?" भाषण चालू असतानाच एका मुलाने विचारले. शिक्षकांपैकी कोणीतरी त्याला खाली बसण्याची खूण केली. बाईंनी त्याला उभेच राहू दिले आणि उत्तराऐवजी पुढची गोष्ट सांगितली.

वयाची तिशी पुरती ओलांडण्याआधी ज्याचा नावाजलेला सिद्धांत मागे पडला, त्या माणसाला दोन वाटा मोकळ्या होत्या. एक, आयुष्यभर त्याच सिद्धांताची बाजू लढवत बसणे. विज्ञानाच्या इतिहासात अशी माणसे थोडी नाहीत. दुसरी, पुढचे काम हाती घेणे. घोष ढाक्यात १९३९ पर्यंत राहिले, प्रकाशरसायन आणि उत्प्रेरण या विषयांकडे वळले आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. १९३९ मध्ये ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. त्या संस्थेचे पहिले भारतीय संचालक होते रामन, ज्यांचा चेहरा आज सभागृहात सर्वांत मोठा लावलेला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, तिथे विमानविद्येचे शिक्षण सुरू झाले ते घोष यांच्या कारकिर्दीत.

मग बाईंनी खिडकीकडे हात केला. त्या बाजूला हिजली.

हिजलीचा बंदिवास खरगपूरच्या मुलांना ठाऊक असतो. ब्रिटिश सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना डांबण्यासाठी ती इमारत वापरली. १६ सप्टेंबर १९३१ रोजी तिथल्या निःशस्त्र बंदिवानांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त हे दोन तरुण मारले गेले. स्वतंत्र भारताने आपली पहिली तंत्रज्ञान संस्था उभारायचे ठरवले तेव्हा वर्ग भरले ते याच इमारतीत, १९५१ साली. त्या संस्थेचे पहिले संचालक ज्ञानचंद्र घोष. जिथे गजाआड माणसे कोंडली होती तिथे फळे आणि बाके लावून अभियांत्रिकीचे पहिले तास सुरू करणारा हा गृहस्थ तोच होता, ज्याचे घनमूळ जगाने खोडून तिथे वर्गमूळ लिहिले होते. पुढे ते कोलकाता विद्यापीठाचे कुलगुरू झाले, नियोजन आयोगाचे सदस्य झाले. १९५९ साली ते वारले.

"आता तूच सांग," बाई त्या मुलाला म्हणाल्या. मुलगा काही बोलला नाही. खाली बसताना त्याने शेजारच्याला काहीतरी विचारले, आणि दोघे खिडकीबाहेर पाहू लागले.

भाषणाच्या शेवटी बाईंनी एक कबुली दिली. ती टिपणात लिहिलेली नव्हती. वीसएक वर्षांपूर्वी एका मुलाने योग्य शंका घेतली आणि आपण त्याचा अर्धा गुण कापला, हे त्यांनी सांगितले. त्याचे नाव आठवत नाही, हेही सांगितले. तो मुलगा आता चाळिशीकडे झुकला असेल, कुठे असेल कोण जाणे. "घोष यांची चूक छापलेली आहे, तिच्यावर टीकाही छापलेली आहे, म्हणून ती दुरुस्त झाली," त्या म्हणाल्या. "माझी चूक फक्त त्याच्या वहीत राहिली." सभागृहात क्षणभर कोणी हालले नाही. मग मुख्याध्यापकांनी आभार मानले आणि चहा आला.

रामन यांचे छायाचित्र संध्याकाळी काढून कपाटात ठेवले गेले, पुढच्या वर्षासाठी. घोष यांचे छायाचित्र बाईंनी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नेऊन लावले, आम्लांच्या बाटल्यांच्या फळीवर. त्याखाली नाव आणि दोन सनावळ्या, याहून अधिक काही लिहिले नाही.

मार्चमध्ये अकरावीच्या वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायला आले. त्यात अमोनियावरचा प्रश्न होता. बहुतेकांनी ब्रॉन्स्टेड यांच्या व्याख्येने उत्तर लिहिले होते आणि ते बरोबर होते. एका उत्तरपत्रिकेत मात्र दोन परिच्छेद होते. पहिल्यात लिहिले होते की अर्हेनियस यांच्या व्याख्येप्रमाणे पाहिले तर अमोनियाच्या रेणूत हायड्रॉक्साइड नाही, त्यामुळे ती व्याख्या इथे पुरी पडत नाही. दुसऱ्यात प्रोटॉनाची देवाणघेवाण नीट समजावली होती, आणि शेवटी एक वाक्य जोडले होते. लिटरला ०.१ मोल अमोनियाच्या द्रावणातही शंभरात सुमारे १.३ रेणूच प्रोटॉन घेतात, म्हणजे ॲसेटिक आम्ल जितके फुटते जवळजवळ तितकेच, हा योगायोग आहे का, असे तिने विचारले होते.

प्रश्नाला पुरे गुण दोन होते. बाईंनी दोन दिले. मग समासात, लाल शाईने, तिच्या प्रश्नाचे उत्तर लिहू लागल्या. समास अपुरा पडला, तेव्हा पान उलटले.